शराबबंदीची फर्माने आणि बादशहाचा पेला

‘दारू’ हा मराठीत मुरलेला शब्द मूळचा फारसी. फारसीत त्याचा अर्थ औषध. अरबीतला ‘शराब’ म्हणजे नुसते पेय; आपले सरबत त्याच धातूतून आले. ‘अरक’ म्हणजे घाम. भट्टीच्या नळीतून थेंब थेंब गळणाऱ्या मद्याला हे नाव मिळाले आणि मराठीत त्याचा अर्क झाला. इंग्रजीतला ‘अल्कोहोल’ हा शब्दही अरबी ‘अल-कुहल’पासून, म्हणजे डोळ्यांत घालायच्या सुरम्याच्या नावापासून तयार झाला. ज्या समाजात हे पेय हराम मानले गेले, त्याच समाजाच्या भाषांनी त्याला जगभरची नावे पुरवली. या विषयाची गंमत इथे आहे आणि अडचणही इथेच आहे.

हिंदुस्थानातल्या मुस्लीम राज्यकर्त्यांच्या मद्यपानाविषयी आज दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एका बाजूचे लोक म्हणतात, हे सगळे सुलतान-बादशहा नशेत बुडालेले ऐयाश होते. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, त्यांनी शरियतनुसार राज्य केले, शराब बंद केली. दोघांनाही तवारिखांतून आपल्या सोयीची चार वाक्ये सापडतात. पण त्याच तवारिखा सलग वाचल्या की वेगळेच चित्र दिसते. बंदीचे फर्मान काढणारा सुलतान बहुतेक वेळा धर्माचा विचार करत नव्हता, आणि ज्यांनी खरोखर पेला खाली ठेवला, त्यांना तो कोणत्याही फर्मानाने ठेवायला लावला नव्हता.

धर्माने काय सांगितले?

आधी मूळ भूमिका पाहू. कुराणात मद्यनिषेध एका दमात आलेला नाही. सूरह बकरामध्ये (आयत २१९) मद्य आणि जुगारात काही फायदे असले तरी त्यांचे पाप मोठे आहे, असे सांगितले आहे. सूरह निसामध्ये (आयत ४३) नशेत नमाजजवळ जाऊ नका, अशी ताकीद आहे. सूरह माइदामध्ये (आयत ९०) मद्याला सैतानी काम ठरवून त्यापासून पूर्ण दूर राहण्याचा आदेश आहे. ज्या समाजाच्या रोजच्या जगण्यात मद्य होते, त्या समाजाला सवय मोडायला पायऱ्या दिल्या गेल्या, असेच मुफस्सिरांनी या क्रमाचे स्पष्टीकरण केले आहे.

मद्यपानाची शिक्षा मात्र कुराणात सांगितलेली नाही. ती हदीस आणि पहिल्या खलिफांच्या निर्णयांवरून ठरली. हनफी फिकहमध्ये ८० फटके, तर शाफई फिकहमध्ये ४०. म्हणजे मनाई निर्विवाद, पण शिक्षेबाबत उलेमांतही एकमत नाही. पुढे दिल्लीच्या तख्तावरून ज्या शिक्षा दिल्या गेल्या, त्या या दोन्ही आकड्यांत बसत नाहीत. त्या सुलतानांच्या स्वतःच्या होत्या.

बदायूं दरवाजातला चिखल

हिंदुस्थानातली सर्वांत गाजलेली शराबबंदी अलाउद्दीन खिलजीची. तिची हकिकत जियाउद्दीन बरनी याने ‘तारीख-ए-फिरोजशाही’त लिहून ठेवली आहे. बरनीचा चुलता अलाउल्मुल्क हा अलाउद्दीनच्या काळात दिल्लीचा कोतवाल होता. सुलतानाने अतिरेकी मद्यपान सोडावे, असे त्याला तोंडावर सांगण्याची हिंमत याच कोतवालाने केली होती.

पण बंदी आली ती त्यानंतर, आणि वेगळ्याच कारणाने. १३०० च्या आसपास सुलतानाविरुद्ध एकामागोमाग बंडे झाली. त्याच्याच पुतण्याने त्याच्यावर बाणांचा वर्षाव केला. दिल्लीत हाजी मौलाने उठाव केला. अलाउद्दीनने विश्वासू सल्लागारांना बसवून विचारले, बंडे का होतात? उत्तरात चार कारणे निघाली. सुलतानाला रयतेची खबर नसते. अमीर एकमेकांत सोयरिकी करतात. लोकांच्या हाती फार पैसा असतो. आणि चौथे कारण शराबच्या मैफली. तिथे जिभा सैल सुटतात, दोस्ती जमते आणि कट शिजतात.

या चारही गोष्टींवर उपाय झाले. अमिरांच्या सोयरिकीसाठी सुलतानाची परवानगी लागू लागली, हेरांचे जाळे पसरले, इनामे जप्त झाली आणि शराब बंद झाली. सुरुवात सुलतानाने स्वतःपासून केली, हे मान्य करायला हवे. शाही मैफलीतली चिनी मातीची आणि काचेची भांडी फोडण्यात आली. राजवाड्यातली शराब बदायूं दरवाजापाशी इतकी ओतली गेली की पावसाळ्यासारखा चिखल झाला, असे बरनी सांगतो. कलाल आणि जुगारी शहराबाहेर घालवले गेले. त्यांच्याकडून मिळणाऱ्या भरघोस करावरही सुलतानाने पाणी सोडले.

पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. लोक गवताच्या आणि सरपणाच्या भाऱ्यांत दडवून शराब शहरात आणू लागले. पकडलेल्यांनी तुरुंग भरले, तेव्हा बदायूं दरवाजाबाहेर खड्डे खणून त्यांत माणसे डांबली गेली. किती तरी जण तिथेच मेले. जे जिवंत बाहेर आले, त्यांना सावरायला बराच काळ लागला. एवढे करूनही पिणे थांबेना. शेवटी सुलतानाने हुकूम सैल केला. कोणी घरात गाळून घरातच गुपचूप प्यायला, मैफल भरवली नाही आणि विक्री केली नाही, तर त्याच्या घरात शिरू नये.

ही सवलतच सगळे उघड करते. शरियतच्या दृष्टीने एकट्याने पिणे आणि चौघांत पिणे दोन्ही हराम. पण एकटा पिणारा कट रचत नाही. सुलतानाला भीती मैफलीची होती. काजी मुगीसशी झालेल्या प्रसिद्ध संभाषणात अलाउद्दीनने हे जवळजवळ कबूलच केले आहे. आपले हुकूम शरियतमध्ये बसतात की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, राज्याच्या हिताचे जे वाटते ते आपण करतो, असा त्याच्या बोलण्याचा आशय बरनीने नोंदवला आहे. देवगिरीच्या यादवांची दौलत लुटून तख्तावर बसलेला हा सुलतान मुस्लीम होता म्हणून त्याची शराबबंदी ‘इस्लामी’ ठरवायची, तर आधी त्याचे हे बोलणे पुसून टाकावे लागेल.

बाबरची तोबा

सव्वादोनशे वर्षांनी बाबरने शराब सोडली. त्यामागेही राजकारण होते, पण त्याचा प्रकार वेगळा. १५२७ मध्ये राणा सांगाशी गाठ पडणार होती आणि सैन्याचा धीर खचला होता. लढाईच्या काही दिवस आधी बाबरने तोबा केली. सोन्या-चांदीच्या सुरया आणि पेले फोडून त्यांचे तुकडे गोरगरिबांत वाटले. काबूलकडून गझनीची शराब उंटांवर लादून नुकतीच येऊन पोचली होती. तिच्यात मीठ टाकून सिरका करण्याचा हुकूम झाला. जिथे शराब ओतली तिथे विहीर आणि धर्मशाळा बांधायचे ठरले. त्याच्यासोबत सुमारे तीनशे जणांनी शपथ घेतली. मग खानव्याची लढाई बाबरने जिंकली.

इथवरची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. बाबरनामा त्यापुढेही जातो. दोन वर्षांनी काबूलला असलेल्या जुन्या दोस्ताला, ख्वाजा कलानला, लिहिलेल्या पत्रात बाबर सांगतो की शराबची तलफ इतकी अनावर व्हायची की डोळ्यांत पाणी यायचे. तरीही त्याने शपथ पाळली. माजूम म्हणजे भांग-अफूची वडी तो घेत राहिला, हेही त्याने लपवले नाही. बाबरला संत ठरवणाऱ्यांनाही आणि शराबी ठरवणाऱ्यांनाही हे पत्र अडचणीचे आहे. व्यसन सोडलेल्या माणसाची तडफड असल्या मोकळेपणाने मांडणारे राज्यकर्ते इतिहासात फार थोडे.

अकबराची वही

अकबराने बंदी घातली नाही, नियम केले. मुल्ला अब्दुल कादिर बदायूनी हा त्याचा कडवा टीकाकार. त्याने लिहिल्याप्रमाणे राजवाड्याजवळ शराबचे एक दुकान उघडण्यात आले. हकिमाच्या सल्ल्याने औषध म्हणून ज्याला शराब हवी, त्याला ठरलेल्या भावाने मिळायची. घेणाऱ्याचे, त्याच्या बापाचे आणि आजोबाचे नाव वहीत लिहून घेतले जायचे. पिऊन दंगा केला तर शिक्षा. लोक खोटी नावे सांगून बाटली घेऊन जात, असा टोमणाही बदायूनीने मारला आहे. आजच्या महाराष्ट्रातल्या मद्य परवान्याच्या कागदाशी ओळख असलेल्या वाचकाला ही वही फार लांबची वाटणार नाही.

याच अकबराच्या घरात मात्र दारूने दोन मुले नेली. शहजादा मुराद १५९९ मध्ये दख्खनच्या मोहिमेवर असताना वारला. जहांगीरने आपल्या आठवणींत त्याच्या मृत्यूची जागा जालनापूरचा परिसर अशी दिली आहे आणि कारण म्हणून अतिमद्यपान सांगितले आहे. धाकटा दानियाल बुऱ्हाणपूरला होता. त्याच्यापर्यंत दारू पोचू नये म्हणून अकबराच्या हुकमाने पहारे बसले. सासरा अब्दुर्रहीम खानखानानही लक्ष ठेवून होता. दानियालने आपल्या बंदूकबारदाराकडे गयावया केली. त्याने बंदुकीच्या नळीत दोनदा गाळलेला अर्क भरून आणला. लोखंडाचा गंज आणि नळीतली जुनी दारू त्यात मिसळली. ती पिऊन शहजादा आडवा झाला तो पुन्हा उठला नाही. मराठीत तोफेची आणि बाटलीची अशा दोन्ही दारूंना एकच शब्द आहे. दानियालच्या पोटात दोन्ही एकदम गेल्या. ही बंदूक त्याची लाडकी होती, आणि तिला त्याने जे नाव दिले होते त्यात ‘जनाजा’ हा शब्द होता.

बादशहाचा हुकूम, खानखानानचा पहारा आणि एकच रुग्ण. एवढे असूनही बंदी टिकली नाही.

जहांगीरचा हिशेब

१६०५ मध्ये तख्तावर बसताच जहांगीरने बारा हुकूम काढले. त्यांतल्या एकात शराब आणि इतर नशेच्या वस्तू बनवण्यास व विकण्यास बंदी आहे. त्याच ठिकाणी तो लिहितो की, मी स्वतः अठराव्या वर्षापासून पितो आहे. पहिला प्रसंगही त्याने टिपून ठेवला आहे. अटकजवळ शिकारीने थकलेल्या शहजाद्याला एका तोफचीने सुचवले की एक पेला घेतलात तर थकवा जाईल. हकिमाच्या घरून छोट्या बाटलीत दीड पेला पिवळसर, गोड शराब आली.

तिथून प्रवास दिवसाला वीस पेल्यांपर्यंत गेला, आणि तेही दोनदा गाळलेल्या अर्काचे. हात इतके कापू लागले की पेला दुसऱ्याने ओठांना लावावा लागे. तेव्हा त्याने हकीम हुमामला बोलावले. हकिमाने आडपडदा न ठेवता सांगितले की असेच चालले तर सहा महिन्यांत इलाज उरणार नाही. हे बोलणे जहांगीरला लागले. त्याने अर्कात शराब मिसळून तो सौम्य केला, रोज थोडे थोडे कमी केले आणि सात वर्षांत सहा पेल्यांवर आला. शराब कमी झाली तशी अफू वाढली, हेही त्यानेच लिहिले आहे. तो कधीच पूर्ण सुटला नाही. पण मुराद आणि दानियाल तिशीच्या आसपास गेले आणि जहांगीर १६२७ पर्यंत, वयाच्या ५८व्या वर्षापर्यंत जगला. या फरकात हकीम हुमामचा वाटा मोठा आहे.

बादशहाच्या हुकमाचे काय झाले? जहांगीरने स्वतःची छबी असलेल्या सोन्याच्या मोहरा पाडल्या, त्यांतल्या काहींवर त्याच्या हातात पेला आहे. इंग्रज वकील सर टॉमस रो याने अजमेरच्या दरबारातला एक किस्सा लिहिला आहे. रात्री बादशहाच्याच हुकमाने अमीर प्याले. सकाळी त्याला ते आठवेना, म्हणून प्यालेल्यांना दंड आणि फटके झाले. फर्मान दुसऱ्यांसाठी आणि पेला स्वतःसाठी, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधायला नको.

शहाजहानची गोष्ट याच्या उलट. शहजादा खुर्रम चोवीस वर्षांचा होईपर्यंत शराबला शिवला नव्हता. त्याला बापानेच आग्रह करून पाजली. १६२० च्या सुमारास दख्खनवर, मलिक अंबर आणि त्याच्या दोस्त फौजांवर चालून जाताना, चंबळच्या काठी त्याने खापरपणजोबाचा कित्ता गिरवला. शराब नदीत ओतली, सोन्या-चांदीचे पेले मोडून गरिबांना वाटले.

औरंगजेब आणि सवलतींची यादी

औरंगजेबाविषयी शंका नाही. तो स्वतः पीत नव्हता आणि त्याची बंदी धर्माच्या नावाने होती. १६५९ मध्ये त्याने मुहतसिब नेमून मद्य, भांग आणि जुगारावर नजर ठेवायला सांगितले. व्हेनिसचा निकोलाओ मनुची तेव्हा दिल्लीत होता. त्याच्या लिखाणात बाजारगप्पा भरपूर आहेत, म्हणून ते जपूनच वाचावे लागते. पण या बाबतीत तो जे सांगतो ते मार्मिक आहे. आख्ख्या हिंदुस्थानात न पिणारे दोघेच, एक मी आणि दुसरा काजी अब्दुल वहाब, असे बादशहा म्हणाला. मनुची पुढे जोडतो की काजीसाहेबांबद्दल बादशहाचा गैरसमज होता, कारण त्यांना बाटली मीच गुपचूप पाठवत असे.

शराब विकणारे मुसलमान आणि हिंदू पकडले गेले की त्यांचा एक हात आणि एक पाय तोडला जाई, असेही मनुची लिहितो. अशी शिक्षा ना हनफी फिकहमध्ये आहे, ना शाफईमध्ये. तोफखान्यात नोकरीला असलेल्या युरोपियनांना मात्र शहराबाहेर राहून स्वतःपुरती गाळायची मुभा होती. कारण तोफा चालवायला ते हवे होते. पुढे सक्ती सैल झाली आणि अमिरांच्या हवेल्यांत पूर्वीसारखेच चालू राहिले. हात-पाय गेले ते कलालांचे.

हा फक्त मुस्लीम सत्तांचा स्वभाव होता, असेही समजू नये. पेशव्यांच्या रोजनिश्यांवरील प्रस्तावनेत न्या. महादेव गोविंद रानडे यांनी पेशवाईतल्या मद्यबंदीची दखल घेतली आहे. तिथेही बंदी होती आणि तिथेही भंडारी, कोळी, ख्रिस्ती अशांना सवलती होत्या. सत्तेचा रंग बदलला तरी सवलतींची यादी बरीच सारखी राहिली.

आबकारीचे नवे मालक

इंग्रजांनी ‘आबकारी’ हा मोगली शब्द उचलला आणि त्यातून महसुलाची मोठी खाण तयार केली. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने गाळण्याचा हक्क मोजक्या मक्तेदारांच्या आणि सरकारी देखरेखीखालच्या भट्ट्यांच्या हाती गेला, ताडीच्या झाडांवर कर बसला. १८९२ च्या महुआ कायद्याने ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुले साठवण्यावरच बंधने आली. जंगलात पडलेली फुले वेचणारा आदिवासी गुन्हेगार ठरला, कारण तो घरी गाळला तर सरकारची दुकानातली विक्री घटते. अलाउद्दीनने कटाच्या भीतीने महसूल सोडला होता. इंग्रजांनी महसुलाच्या लोभाने घरची भट्टी बंद केली.

याच पट्ट्यात १९२२ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. पालघर किनाऱ्यावरच्या कोळ्यांत सुरू झालेली देवीची लाट आदिवासी भागात आणि दक्षिण गुजरातेत पसरली. अंगात आलेल्या देवीच्या आज्ञेने हजारो आदिवासींनी स्वतःहून दारू-ताडी सोडली आणि गुत्तेवाल्यांवर बहिष्कार घातला. सरकारी हुकूम नव्हता, शिक्षा नव्हती. ‘द कमिंग ऑफ द देवी’ या पुस्तकात इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीचा सविस्तर मागोवा घेतला आहे. खानव्याच्या छावणीतली तोबा आणि पालघरच्या पाड्यांवरची देवी, दोन्हीकडे माणसांनी ठरवून पेला खाली ठेवला आणि एकट्याने नाही, चौघांसोबत ठेवला.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी अधिनियम आला. महाराष्ट्रात आजही मद्याचा कारभार याच कायद्याखाली चालतो. नाव दारूबंदीचे आणि वसुली उत्पादन शुल्काची. अकबराच्या वहीची ही सुधारित आवृत्ती म्हणता येईल.

आपल्या मोहल्ल्यात

हा इतिहास मुस्लीम वाचकाने कसा घ्यावा? सुलतानांचे वकीलपत्र घेण्याची आपल्याला गरज नाही. जहांगीर प्यायला म्हणून इस्लामला बट्टा लागत नाही आणि औरंगजेब प्यायला नाही म्हणून त्याचे प्रत्येक फर्मान शरियत होत नाही. कोणी ‘तुमचे बादशहा शराबी होते’ म्हणाले, तर बाबर आणि जहांगीर यांनी ते आपल्याआधी स्वतःच लिहून ठेवले आहे, एवढे सांगितले तरी पुरे.

जास्त महत्त्वाचा प्रश्न आजच्या मोहल्ल्याचा आहे. आपल्यात दारू हराम आहे, म्हणून आपल्यात दारुडा नसतोच, असे धरून आपण चालतो. घरातला कोणी पीत असेल तर बायको-मुले मार खातात, पण बाहेर बोलत नाहीत. मशिदीत दारूविरुद्ध बयान होते, पण व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता कोणी सांगत नाही. लाजेपोटी माणूस दवाखान्यात जात नाही, आणि गेला तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. दानियालच्या दारावर पहारेकरी होते, जहांगीरकडे खरे बोलणारा हकीम होता. चौदाशे वर्षांपूर्वी मदिनेतल्या माणसांना सवय सोडायला पायऱ्या मिळाल्या होत्या. आपल्या गल्लीतल्या माणसाला आपण पहिल्याच दिवशी जमाअतीबाहेर काढतो. त्याला हकीम हुमाम मिळवून देणे हे काम फर्मानाइतके रुबाबदार नाही, पण त्याने माणूस वाचतो.